चार मात्रांची शांतता

मागच्या आठवड्यात सिंगापूरच्या आंग मो किओ भागातल्या एका दुकानात मी शांपूची बाटली हातात घेऊन उभी होते आणि छतावरच्या स्पीकरमधून ते गाणं सुरू झालं. कुणी नवीन मुलगी गात होती. गात कसली, कानात गुपित सांगावं तशी कुजबुजत होती. पहिलं कडवं मी सोसलं. दुसरंही सोसलं. तिसऱ्या कडव्याच्या शेवटी, जिथे गाण्याने चार मात्रा गप्प बसायचं असतं, तिथे त्या लोकांनी समुद्राच्या लाटांचा आवाज घातला होता. गाणं अमेरिकेतल्या एका ट्रक ड्रायव्हरचं. बिचारा तीन गावांहून घरी फोन करतो आणि तिसऱ्या वेळी बायको फोन उचलत नाही. यात समुद्र आला कुठून? मी बाटली फळीवर इतक्या जोरात ठेवली की शेजारच्या आजीबाई आपली ट्रॉली घेऊन दुसऱ्या रांगेत गेल्या.

खरं सांगायचं तर हा राग माझा नाही. मला कंट्री गाण्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं. टोपी घातलेला माणूस, गिटार, घोडा, एवढीच माझी समज. ज्यांच्या हाताखाली मी इथे सात वर्षं काम केलं, त्यांचा हा राग. सर्दी लागावी तसा तो मला त्यांच्याकडून लागला आणि त्यांची नोकरी सोडून इतकी वर्षं झाली तरी उतरलेला नाही.

ते आमच्या कारखान्यात तपासणी विभागाचे प्रमुख होते. आंग मो किओच्या औद्योगिक वसाहतीत आमचा सर्किट बोर्डांचा कारखाना होता. मी पुण्याहून आले तेव्हा सत्तावीस वर्षांची होते, एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे इथल्या नोकरीच्या परवान्यावर, आणि आपला साहेब मराठी निघाला म्हणून पहिल्या दिवशी आईला फोन करून आनंदाने सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी तो आनंद ओसरला. मी लिहिलेला पहिला अहवाल त्यांनी परत पाठवला. त्यात मी एका बोर्डापुढे 'ठीक आहे' असा शेरा मारला होता. "ठीक आहे हा शेरा नाही," ते म्हणाले. "ठीक आहे हे तुमचं मत झालं. तुमचं मत कुणी विचारलं?"

आमच्या धंद्यात गोल्डन सॅम्पल नावाची एक गोष्ट असते. गिऱ्हाईकाने पसंत केलेला पहिला नग. तो कुलपात ठेवतात आणि पुढे जो माल निघेल तो त्याच्याशी ताडून बघतात. जुळला तर पास, नाही तर रिजेक्ट. सरांच्या खोलीत त्या नमुन्यांचं एक लोखंडी कपाट होतं आणि त्याची किल्ली ते गळ्यातल्या भिंगाच्या दोरीलाच अडकवत. खिशात तीन पेनं, त्यातलं लाल सगळ्यात जास्त झिजलेलं. "नमुना आधी, मत नंतर," हे वाक्य ते दिवसातून दहा वेळा म्हणत. कारखान्यातल्या चिनी आणि मलय बायका त्यांना 'मिस्टर रिजेक्ट' म्हणायच्या. त्यांना ते माहीत होतं, आणि मला वाटतं, आवडतही होतं.

पण हे कपाट त्यांनी घरीही नेऊन ठेवलं होतं, हे मला पुढे कळलं.

ते पासिर रिसला राहायचे, नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, नवरा-बायको दोघंच. मी एकटी राहते, बाहेरचं खाते, हे कळल्यावर काकूंनी त्यांच्याकरवी निरोप पाठवला आणि माझं शनिवारचं जेवण तिथे सुरू झालं. ऑफिसात ते मला 'तुम्ही' म्हणत आणि घराच्या दारात चपला काढल्या की 'तू' म्हणत. पहिल्याच शनिवारी त्यांनी दिवाणखान्यातलं एक कपाट उघडून दाखवलं. त्यात कॅसेटी, तबकड्या, सीड्या, सगळ्यांवर क्रमांक. "ह्या सगळ्यांत एकच गाणं आहे," ते म्हणाले. मला वाटलं, थट्टा करताहेत. ते थट्टा करत नसत.

एकच गाणं, अडतीस लोकांनी गायलेलं. नमुना म्हणजे एका अमेरिकन गायकाची जुनी तबकडी. ती ते पांढरे हातमोजे घालून काढत. बाकीचे सदतीस हे त्यांच्या मते आलेला माल. प्रत्येकाचा अहवाल तयार होता, कारखान्यात वापरायचो तोच छापील कागद, वर अनुक्रमांक, खाली तपासणाऱ्याची सही. कुणी लय वाढवली होती, कुणी दुसरं कडवं गाळलं होतं, कुणी मध्येच व्हायोलिनचा ताफा आणून बसवला होता. एक लहान मुलांच्या समूहगानाचं होतं. "फोन न उचलणाऱ्या बायकोचं गाणं पन्नास पोरं हसतमुखाने गाताहेत!" असं म्हणताना त्यांच्या मानेची शीर फुगायची. एक कुठल्याशा फोन कंपनीने जाहिरातीसाठी केलेलं होतं. त्याच्या अहवालात कारणांच्या रकान्यात फक्त 'शरम' एवढा शब्द होता, लाल शाईत.

सगळ्यात मोठा गुन्हा म्हणजे ती शांतता बिघडवणं. तिसऱ्या कडव्यात ड्रायव्हर फोन करतो, घंटा वाजत राहते, कुणी उचलत नाही, आणि तिथे त्यांच्या तबकडीवरचा गायक चार मात्रा गप्प होतो. गिटारही गप्प. मग पुन्हा धृपद. "ह्या चार मात्रांत अख्खं गाणं आहे," सर म्हणायचे आणि ती जागा आली की डोळे मिटून उजव्या हाताची चार बोटं एकामागून एक टेबलावर टेकवायचे. सदतीसपैकी एकाही बहाद्दराला तिथे गप्प बसता आलं नव्हतं. कुणी ढोल भरला, कुणी उसासा टाकला, कुणी सरळ पुढे निघून गेला. "माणसाला चार मात्रा तोंड मिटता येत नाही?" ते मला विचारायचे, जसं काही ढोल मीच वाजवला होता.

एका गायक-गायिकेच्या जोडीने तर शेवटच बदलला होता. तिसऱ्या वेळी बायको फोन उचलते, आणि मग दोघं मिळून धृपद गातात. ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी तिथे होते. सर ताडकन उठले. "उचलला! फोन उचलला हिने!" घराला आग लागल्यासारखे ते ओरडत होते. "आता उरलं काय गाण्यात?" त्या दिवशी ते धड जेवले नाहीत. काकू आतून दोनदा म्हणाल्या, "वरण निवतंय." गाणं सुरू झालं की काकू नेहमी स्वयंपाकघरात जात आणि संपलं की बाहेर येत. त्यांना त्याचा कंटाळा आला असणार, असं मी धरून चालले होते. कुणालाही आला असता.

एका शनिवारी सकाळी मी त्यांच्या इमारतीखाली पोचले तर खालच्या मोकळ्या जागेत, खांबांमध्ये, वीस-पंचवीस चिनी आणि मलय बायका काऊबॉयच्या टोप्या घालून रांगेत नाचत होत्या. इथे ह्याला लाइन डान्स म्हणतात आणि साठीच्या बायकांना तो फार प्रिय आहे. गाणं तेच होतं, दुप्पट वेगात, खाली धपाधप ड्रम. आणि सर पायजमा-बनियनवर, गळ्यात भिंग, शिकवणाऱ्या बाईंसमोर उभे.

"मॅडम," ते इंग्रजीत सांगत होते, "ह्या माणसाची बायको फोन उचलत नाहीये. आणि तुम्ही कमरेवर हात ठेवताय."

त्या बाईंनी टोपी मागे सरकवली आणि इथल्या बोलीतल्या इंग्रजीत म्हणाल्या, "अंकल, एक्सरसाइज ओन्ली, ला!"

"हे दुःखाचं गाणं आहे."

"सॅड साँग ऑल्सो कॅन डान्स, वॉट. कम, अंकल, जॉइन अस!"

सगळ्या बायका हसल्या, दोघींनी त्यांना हाताला धरून रांगेत ओढायचा प्रयत्न केला. मी मेल्याहून मेल्यासारखी होऊन लिफ्टपाशी उभी राहिले. वर आल्यावर सरांनी कागद काढला आणि अनुक्रमांक एकोणचाळीस घातला. काकू दारात उभ्या होत्या. खालचा ड्रम आणि हशा त्यांनी बहुतेक गॅलरीतून ऐकला होता. तोंडाला पदर लावून त्या आत गेल्या. त्या हसत होत्या की काय, हे मला कळलं नाही.

हे गाणं त्यांच्या जिवाला का लागलं होतं, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. ते सिंगापूरला आले तेव्हा एकटे आले होते. लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं, बायको सांगलीला, त्यांच्या आईजवळ. इथे चार जणांत एक खोली. सांगलीच्या घरी फोन नव्हता, शेजारच्या डॉक्टरांकडे होता. दर शनिवारी संध्याकाळी ठरलेल्या वेळी सर इथून सार्वजनिक फोनवरून डॉक्टरांकडे फोन लावत, डॉक्टरांच्या घरचं कुणीतरी भिंतीवरून हाक मारी, आणि काकू धावत येत. तीन मिनिटं बोलणं. दीड वर्ष हा नेम चालला आणि एकाही शनिवारी चुकला नाही, असं सांगताना त्यांची छाती फुगली होती.

"एक शनिवार सोडून," ते म्हणाले. "एका शनिवारी घंटा वाजत राहिली. कुणी उचललाच नाही. मागे रांग लागलेली, लोक ओरडताहेत, आणि मी आपला रिसिव्हर कानाला लावून उभा. डॉक्टरांकडची मंडळी लग्नाला गेली होती, ते नंतर कळलं. पण तो आठवडा माझा मला माहीत." त्याच आठवड्यात खोलीतल्या एका मलय सोबत्याने त्याच्याकडची कॅसेट लावली, आणि त्यात हे गाणं निघालं. "त्या माणसाने माझी घंटा गायली," सर म्हणाले. त्या दिवशी मला त्यांच्याबद्दल माया वाटली, आणि ती वर्षभर टिकली. मग मी राजीनामा दिला.

मला दुसरीकडे चांगली जागा मिळाली होती. सात वर्षं ज्यांच्या हाताखाली काढली, त्यांना तोंडाने सांगणं मला जमलं नाही. पत्र त्यांच्या टेबलावर ठेवलं, त्यात दोन ओळी मनापासून लिहिल्या होत्या, की तुम्ही मला काम शिकवलंत, तुमच्या घरी मला घर मिळालं. दुसऱ्या दिवशी पत्र माझ्या टेबलावर परत. लाल शाईत तीन शेरे. समास चुकलाय. शेवटच्या कामाच्या दिवसाचा वार दिलेला नाही. आणि त्या दोन ओळींखाली रेघ मारून: 'विषयाशी संबंध नाही.'

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. सात वर्षं ह्या माणसाचा तिरसटपणा मी कौतुकाने सांगत फिरले, पार्ट्यांमध्ये त्यांच्या नकला केल्या, 'मनाने चांगले आहेत हो' असं म्हणत राहिले. मनाने चांगले! मन आहे कुठे, तेही कुलपातच? त्या रविवारी मी घरात भांडी आपटत फिरले आणि दुपारी ठरवलं, की आता आपण ह्यांचा नमुना तपासायचा.

हे त्यांनीच शिकवलेलं होतं. नवीन माणूस आला की सर त्याला सांगत, नमुन्याशी माल ताडण्याआधी नमुना कुठून आला ते बघ, त्याचा कागद बघ. कारखान्यातल्या एकूण एक नमुन्याचा जन्मदाखला त्यांच्या फायलीत होता. घरातल्या त्या एका नमुन्याचा त्यांनी कधी बघितलाच नव्हता. ज्या गोष्टीने आपल्या मनातलं बोलून दाखवलं, तिचे कागद कोण मागतो?

तबकडीच्या पाकिटावर गीतकाराचं नाव होतं, दोन आद्याक्षरं आणि आडनाव. सर कायम 'तो कवी' म्हणायचे. जुन्या तबकड्या जमवणाऱ्या लोकांच्या एका वेबसाइटवर मी दोन तास खणत बसले. तो कवी बाई निघाली. सरांच्या तबकडीवरच्या त्या टोपीवाल्या गायकाच्या तीन वर्षं आधी तिने ते गाणं स्वतः लिहून स्वतः गायलं होतं, कुठल्याशा लहान कंपनीची तबकडी, जी कुणी घेतली नाही. म्हणजे सरांचा नमुना ही नक्कल होती. अनुक्रमांक एक! मी एकटीच घरात टाळी वाजवली.

मग मी ते ऐकलं आणि टाळी वाजवायचं विसरले.

बाईच्या गाण्यात ट्रक ड्रायव्हर गातच नाही. गाते ती घरातली बाई. पहिल्या कडव्यात फोन वाजतो तेव्हा ती वाळत घालायचे कपडे तसेच टाकून धावत येते. दुसऱ्यात चालत येते. तिसऱ्यात ती फोनसमोरच उभी आहे, घंटा मोजते आहे, आणि उचलत नाही. आणि ज्या जागी टोपीवाला चार मात्रा गप्प बसला होता, त्या जागी ही बाई गुणगुणते. हळू, स्वतःशी, घरात आपण एकटेच असताना कुणीही गुणगुणेल तशी. त्या माणसाने गाणं उचललं, बाईला त्यातून बाहेर काढलं, तिच्या जागी स्वतः उभा राहिला आणि तिचं गुणगुणणं पुसून टाकलं. त्या पुसलेल्या जागेला आम्ही दर शनिवारी डोळे मिटून नमस्कार करत होतो!

माझ्या नोटिसीच्या काळातला शेवटचा शनिवार होता. मला सरांना हरवायचं होतं, हे कबूल करते. चांगुलपणाचा त्यात लवलेश नव्हता. जेवणं व्हायची होती. मी म्हटलं, "सर, चाळिसावं मिळालंय," आणि फोन त्यांच्या स्पीकरला जोडला. त्यांनी कागद पुढे ओढला, पेनाचं टोपण काढलं. काकू उठून नेहमीसारख्या आत गेल्या.

बाईचा आवाज सुरू झाला. पहिल्याच ओळीला सरांनी लिहिलं, 'गायक: स्त्री. अमान्य.' दुसऱ्या कडव्याला काहीतरी लिहिलं. तिसऱ्या कडव्यात त्यांची चार बोटं सवयीने वर गेली आणि ती बाई गुणगुणायला लागल्यावर तशीच वर राहिली.

"भरली," ते म्हणाले. "हिनेही भरली. रिजेक्ट."

"सर, ही आधीची आहे," मी म्हटलं, आणि त्या तबकडीचं छायाचित्र, साल, गीतकाराचं नाव, सगळं त्यांच्यापुढे मांडलं. त्यांनी भिंग काढलं. बराच वेळ बघितलं. त्यांनी शिकवलेलं सगळं मी जागच्या जागी लावलं होतं, कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. शेवटी त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"नमुना चुकीचा होता," ते म्हणाले.

मी ह्या वाक्याची त्या रविवारपासून वाट बघितली होती. ते कानावर पडलं आणि मला अजिबात मजा आली नाही. त्यांचा चेहरा उतरला होता. मग त्यांनी मला जे विचारलं ते मला अपेक्षित नव्हतं.

"म्हणजे ती घरी होती?"

"कोण?"

"गाण्यातली. घंटा वाजत होती आणि ती घरी होती?"

"हो. फोनसमोर उभी आहे."

"पण का? नवरा बाहेरगावी कष्ट करतोय, आठवणीने फोन करतोय, वेळ चुकवत नाहीये. हिला हात लांब करून उचलायला काय झालं?"

"मीही तिथेच होते," काकू म्हणाल्या.

त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, हाताला कणीक लागलेली. त्या कधी आल्या, आम्हाला कळलं नव्हतं. सात वर्षांत त्या गाण्याबद्दल काकूंना बोलताना मी पहिल्यांदा ऐकत होते.

"कुठे?" सर म्हणाले.

"डॉक्टरांकडे. ते लग्नाला गेले होते. पण तुमचा फोन चुकायला नको म्हणून जाताना किल्ली माझ्याकडे देऊन गेले होते. मी फोनसमोर खुर्चीत बसले होते."

काकू बोलायला लागल्या आणि मला कळलं, की हे वाक्यन्‌वाक्य त्यांच्याजवळ किती वर्षं तयार होतं.

"दर शनिवारी तुमची यादी असायची. गॅसचा नंबर लावला का. आईंचं औषध आणलं का. मागच्या दाराची कडी दुरुस्त केली का. डॉक्टरांची सगळी माणसं भोवती बसून ऐकायची आणि मी शाळेतल्या मुलीसारखी उत्तरं द्यायची. पत्रात काही लिहावं, तर तुम्ही पुढच्या पत्रात माझ्या चुका काढून पाठवायचात. म्हणून मी पत्रात खुशाली सोडून काही लिहीत नसे. त्याच्या आधीच्या शनिवारी मी म्हटलं होतं, 'मला एक सांगायचंय.' आठवतंय?"

सरांनी मान हलवली, नाही.

"तुम्ही म्हणालात, 'आधी यादी संपू दे.' यादी संपली आणि तीन मिनिटंही संपली. मला शाळेत नोकरी लागत होती. बालवर्गावर. शाळेच्या मोठ्या बाईंनी स्वतः घरी येऊन विचारलं होतं. आई नको म्हणत होत्या, आणि म्हणाल्या होत्या, 'तो हो म्हणाला तर जा.' मला फक्त तुमचं हो हवं होतं."

"मग त्या शनिवारी घर रिकामं होतं," सर हळूच म्हणाले. "कुणी ऐकत नव्हतं. उचलून सांगायचंस."

"घंटा वाजायला लागली आणि मला आधीच ऐकू आलं, की तुम्ही काय विचारणार. मग मी म्हटलं, नाही उचलायचा. काळजी वाटू दे. पुढच्या शनिवारी तरी आधी विचारतील, काय झालं, तू बरी आहेस ना. मग मी सांगेन. शाळेच्या बाईंना मी आणखी आठ दिवस मागून घेतले." त्या थांबल्या. "मला तुम्हाला फोन करता येत नव्हता. तुम्ही रस्त्यावरून करायचात, तुमचा नंबर नव्हता. माझ्या हातात एवढंच होतं."

"मग?" हे मीच विचारलं. मला राहवलं नाही.

काकूंनी माझ्याकडे बघितलंच नाही. "पुढच्या शनिवारी फोन आला. तुम्ही विचारलंत, गॅसचा नंबर लागला का. मी म्हटलं, लागला."

मला त्या माणसाचा संताप आला. अख्खा जन्म त्या न उचललेल्या फोनचं दुःख कुरवाळत बसले, अडतीस लोकांना त्याच्यावरून नापास केलं, पोरांना, म्हाताऱ्या बायकांना, कुणाला सोडलं नाही. आणि जिने फोन उचलला नाही, ती पंधरा पावलांवर कणीक मळत होती. तिला एकदा विचारायचं होतं, बस. आणि मग तोच संताप माझ्याकडे वळला. सात वर्षं मी त्या घरात जेवले. एकेका गाण्यावर सरांशी तासन्‌तास वाद घातले. काकूंना मी विचारलं काय, तर आमटीत कुठला मसाला घालता.

सर उठले. त्यांनी टेबलावरचा तो अर्धवट भरलेला कागद उचलला, पुन्हा ठेवला, आणि स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभे राहिले. काकू तोवर आत जाऊन पोळी लाटायला लागल्या होत्या.

"शाळा कुठली होती?" त्यांनी विचारलं.

लाटण्याचा आवाज चालू राहिला.

मला तिथे थांबणं बरं वाटेना. "येते मी," असं कुणाला तरी म्हणून मी चपला घातल्या, बाहेरचं जाळीचं दार ओढून घेतलं आणि लिफ्टचं बटण दाबलं. आतून त्यांचा आवाज पुन्हा आला, "अगं, शाळा कुठली होती?" मी कान देऊन उभी होते. काकूंचा आवाज आला नाही. त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा लिफ्ट आली.